कावळ्यापुढं दिलेला शब्द

बायकोच्या दहाव्याला कऱ्हेच्या काठावर मी सगळ्या भावकीदेखत शब्द दिला, की पाणी सोडायचं काम सोडतो. आणि त्यानंतर सगळा उन्हाळा मी ते काम करतच राहिलो. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला माझी भलती कीव यायला नको.

आमचं गाव बारामती तालुक्यातलं. पण बारामती म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, कालवा दिसतो. ते आमच्या वाट्याला नाही. आम्ही सुप्याकडच्या जिरायती अंगाचे. ज्वारी, बाजरी, शेळ्या. प्यायचं पाणी विहिरीतून टाकीत चढवायचं आणि टाकीतून आळीपाळीनं गावात सोडायचं. प्रत्येक आळीच्या तोंडाला जमिनीत एक व्हॉल आहे. तो फिरवायला कमरेएवढी लोखंडी चावी लागते. ती चावी माझ्याकडं. ग्रामपंचायतीनं मला ठेवलं तेव्हा माझी मिशी काळी होती. वयाची अट कधीच सरली, पण दुसरं कुणी मिळत नाही म्हणून मानधनावर मलाच ठेवलं. दुसरं कुणी मिळत नाही, हे सगळ्यात जास्त मीच सांगत फिरायचो.

लाईटीचा काही नेम नाही. कधी पहाटे येते, कधी दुपारी. ती आली की मोटर, मग टाकी, मग एकेक आळी. त्यामुळं मला गाव सोडून मुक्कामाला जाता येत नाही, असं मी धरून चाललो. लग्नाला गेलो तर अक्षता टाकून परत. मयताला गेलो तर माती देऊन परत. आम्हाला एकच लेक, ती इंदापूर तालुक्यात दिलेली. तिच्याकडं सणाला गेलो तर जेवण झाल्या झाल्या माझी पिशवी हातात. बायको मागं राहावी म्हटलं तर माझ्या भाकरीचं कोण बघणार? म्हणून तीही माझ्याबरोबर परत. एसटीत खिडकीकडं तोंड करून बसायची.

"आठ दिस लेकीकडं राहू की दोघं," ती म्हणायची. "तिचं घर तरी नीट बघू द्या. अजून मला तिच्या घरातला दिवा कुठं असतो ते ठावं न्हाय."

"आन् गावाला पानी?"

"आवं, गावाची तहान तुमीच भागवताय जनू. तुमी मानूस हाय का टँकर?"

ती असं बोलली की मी हसायचो आणि चप्पल घालून बाहेर पडायचो. ह्या उन्हाळ्यानंतर सोडतो म्हणायचो. मग पावसाळ्यात विहिरीला गढूळ येतं, औषध टाकावं लागतं, म्हणून दिवाळीनंतर. दिवाळीनंतर परत उन्हाळा तोंडावर.

खोटं कशाला बोलू, ते मानधनासाठी नव्हतं. तेवढ्यात तर चहापत्ती-साखर भागते. घरात मला कोण विचारतं? घरी मी म्हणजे बायकोच्या मागं भाकरी मागणारा गडी. पण चावी खांद्यावर घेऊन आळीत शिरलो की बाया हंडे बाजूला सारून वाट द्यायच्या. "आबा, आजच्याला जरा ज्यादा सोडा, घरात कार्य हाय." विहारामागच्या आळीत तर मी पोचायच्या आधी चहा उकळत असायचा. शाळामास्तर, सरपंचबाई, सगळे आबा-आबा करायचे. ते मला सोडवत नव्हतं. बायकोला हे माहीत होतं. तोंडावर कधी बोलली नाही, एवढंच.

थंडीत ती आजारी पडली. बारामतीच्या दवाखान्यात ठेवली. लेक दिवसरात्र तिच्याजवळ. मी पहिल्या गाडीनं गावाला जायचो, पाणी सोडायचो आणि दुपारच्या गाडीनं दवाखान्यात परत यायचो. लोकांनी वाखाणलं. म्हातारा दोन्हीकडं पुरा पडतोय म्हणाले. मलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मी खाटेशेजारी बसलो तर तिनं डोळे उघडले.

"वरच्या आळीला पोचलं का पानी?"

"पोचलं."

"बरं झालं. कुनाला तरी येळंवर पोचताय."

लेक मान फिरवून औषधाच्या बाटल्या लावत बसली.  

त्याच आठवड्यात ती गेली. त्या वेळी मी जवळ होतो. पण ते नशिबानं. दुपारची गाडी वेळेवर आली म्हणून.

पुढं मी जे केलं ते आमच्या भावकीत आजवर कुणी केलेलं नाही. सुतकात मी व्हॉल फिरवला. तिसऱ्या दिवशी, डोक्याला टॉवेल बांधून. धाकला भाऊ दारात आडवा झाला. "दादा, आरं राख अजून गार न्हाय झाली." मी म्हणालो, पाण्याला सुतक नसतं. ऐकायला मोठं शहाणं वाक्य आहे. पण खरं कारण सांगतो. घरात तिची वाकळ घडी घालून ठेवली होती. तिच्यापुढं बसणं मला झेपत नव्हतं.

मग दहावा. कऱ्हेला पाणी नव्हतंच, एका डबक्याशेजारी विधी केला. पिंड ठेवला. शेजारी तिला आवडायची ती सुप्याच्या बाजारातली शेव, वांग्याची भाजी, मिसरीची डबी. आमच्यात पिंडाला कावळा शिवला की माणूस समाधानानं गेलं म्हणतात. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा.

कावळे होते. बाभळीवर ओळीनं बसलेले. पण एक खाली येईना.

लेक म्हणाली, "आई, आबांकडं मी बघीन." नाही. मेव्हणा म्हणाला, "आक्का, भाचीला माहेर तुटू द्यायचो न्हाय." नाही. ऊन चढलं. माणसं पायाची अदलाबदल करायला लागली. मग माझी मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण, सरळ माझ्याकडं वळली.

"दाजी, तिला काय पायजे ते तुमाला ठावं हाय. लपता कशाला? बोला."

सगळ्या माना माझ्याकडं. मी दोन पावलं पुढं झालो, हात जोडले आणि म्हणालो, "पाडव्याला सोडतो काम."

एक कावळा उतरला. पिंडापासून लांब दगडावर बसला. मान वाकडी करून बघत राहिला.

मागून कुणीतरी म्हणालं, "हितंबी मुदत मागतोय गडी!" आणि माणसं हसली. दहाव्याला हसली. मी शरमेनं मेलो.

"सोडतो," मी म्हणालो. "ह्या घडीला सोडलं समज. आन् लेकीकडं आठ दिस मुक्काम करतो. झालं?"

कावळा आला, शेव घेतली, पिंडाला चोच लावली आणि गेला. लेक रडायला लागली. लोकांनी अंघोळी उरकल्या.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. मी उठलो आणि चावी घेऊन गेलो.

काय सांगू? पाय आपोआप गेले म्हणायचं? पायांना मीच चालवलं. मनाशी म्हणालो, सरपंचबाई दुसरा माणूस बघेपर्यंत. पण सरपंचबाईंना मी सांगितलंच नव्हतं, तर त्या बघणार कुठून? पाडवा गेला. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "आबा, त्या कावळ्याला बनवलं म्हना तुमी!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आलो आणि भाकरी तशीच झाकून ठेवली. जिवंतपणी तिला बनवलं ते बनवलं, मेल्यावर चारचौघात परत बनवलं. त्या कावळ्याला शेव पाहिजे होती की तिला शब्द, हे देव जाणे. पण शब्द मी दिला होता, कावळ्यानं नव्हे.

लेकीला बाहेरून कळलं. तिचा फोन आला. "आबा, माझ्या आईला फशिवलं तुमी. आता मला फोन करू नका." त्यानंतर मी लावला की ती उचलायची नाही. बायको गेल्यावर माझ्याशी रोज बोलणारं ते एकच माणूस होतं.

शेवटी मी अर्धा शब्द पाळायचं ठरवलं. काम सोडायचं नाही, आठ दिवस जाऊन यायचं. माझा स्वभावच तसला, कावळ्याशीही घासाघीस. चावी सरपंचबाईंकडं दिली. त्या म्हणाल्या, "जावा की आबा. बघतो आमी." मी त्यांना कोणती आळी आधी, कोणती मागून, सगळं सांगायला लागलो. त्या हं-हं करत होत्या आणि मोबाइल बघत होत्या. मनात म्हटलं, चार दिवसांत बोंब उठेल आणि मला न्यायला गाडी येईल.

बारामतीला गाडी बदलून इंदापूर. लेकीनं दार उघडलं, पाणी दिलं, बोलली नाही. जावई रानात होता. त्यांच्याकडं डाळिंब, ऊस, सगळीकडं पाइपलाइन. संध्याकाळी लेकीनं पडवीशेजारची खोली उघडली. "हितं झोपा." नवी खाट होती आणि खिडकीला बारीक जाळी.

"ही जाळी कधी बशिवली?" मी विचारलं.

"आईला मच्छर लय चावायचं न्हवं. गेल्या दिवाळीला तुमी दोघं ऱ्हाणार म्हनला होता. तवा बशिवली."

एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली. मी त्या खाटेवर बसलो. जाळीला अजून दुकानाचा कागद चिकटलेला होता.

ते आठ दिवस मी फोन हातात धरून काढले. कुणाचा आला नाही. चार्जिंग बघितलं. रेंज बघितली. शेवटी शेवटी लेकीला दया आली असेल, म्हणाली, "आबा, कुनाचा येनार हाय?" मी म्हणालो, गावात पाण्याची बोंब झाली असेल. ती म्हणाली, "मग आला आसता की." आणि पहिल्यांदाच माझ्या ताटात तिनं न विचारता दुसरी भाकरी वाढली.

परत आलो तर स्टँडवरून घरी न जाता थेट खालच्या आळीत गेलो. एक सून दारात भांडी घासत होती. मी विचारलं, "पानी येतंय का बरूबर?"

"येतंय की, आबा." तिनं वर बघितलं. "पिशवी कशी हातात? गावाला गेलावता का काय?"

मी गेलो होतो हेच तिला माहीत नव्हतं.

वरच्या आळीत एका म्हातारीनं मला हाक मारून बोलावलं. आठ दिवस चावी बायांनीच फिरवली होती. एका आळीचं झालं की तिथली बाई चावी पुढच्या आळीत नेऊन द्यायची. भांडण नाही, तंटा नाही. आणि त्यांनी क्रम उलटा केला होता. टाकी भरलेली असताना आधी वरची आळी, मग उताराला खालची. मला ज्यानं शिकवलं तो खालून सुरू करायचा, म्हणून मीही खालून. वरच्या आळीच्या बाया वर्षानुवर्षं म्हणायच्या, आबा, धार बारीक येते. मी म्हणायचो, चढ आहे, मी काय करू?

"आवंदा पैल्यांदा काठापस्तोर रांजन भरला बगा," म्हातारी खुशीत म्हणाली. मला टोचायचं म्हणून नाही, खरंच खुशीत.

मी देवळाच्या कट्ट्यावर बसलो. माझ्यावाचून गावाचं अडत नाही, हे कळल्याचं दुःख तेवढं मोठं नव्हतं. थोडं होतं, नाही कशाला म्हणू. पण त्याच्यामागून दुसरं आलं आणि त्यानं छातीवर बसकण मारली. गावाचं अडत नव्हतं, तर मग तिची ती सगळी वर्षं मी कशापायी अडवली? एसटीच्या खिडकीकडं तोंड करून बसलेली बाई दर वेळी कशापायी परत आणली? चावी शेजारच्या बाईकडं देऊन कधीही जाता आलं असतं. कधीही. मी विचारलंच नव्हतं कुणाला, कारण कुणी व्हय म्हटलं असतं तर मला जावं लागलं असतं.

तिथनं उठून ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचबाईंना म्हणालो, "मी आता येनार न्हाय कामाला."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं झालं आबा. खरं सांगू का, आमीच म्हननार होतो. पन काकी गेल्यावर तुमाला तेवढंच एक उरलंय, म्हनून कुनाचं तोंड उघडंना."

म्हणजे मी गावासाठी करत होतो आणि गाव माझ्यासाठी करून घेत होतं. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. नको म्हणालो.

घरी येऊन लेकीला फोन लावला. तिनं उचलला.

"सोडलं," मी म्हणालो.

"आर्धं का पुरं?"

"पुरं. कायमचं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई आसती तर लय हसली आसती, आबा. म्हनली आसती, टँकर रिकामा झाला."

"आई आसती तर मी सोडलं नसतं, पोरी," मी म्हणालो. "आजबी न्हाय. उद्याबी न्हाय."

मला वाटलं ती फोन ठेवेल. तिनं ठेवला नाही. तिच्याकडं कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत होता.

"जेवलाय का?" तिनं विचारलं.

"जेवलो," मी म्हणालो. चूल आठ दिवस पेटलेली नव्हती.