तेरा साम्यं, एक पांदण

मागच्या भाऊबीजेला भरल्या ताटावर मी भाऊजींना सुनावलं होतं की, तुमच्यासारख्या मतदारांमुळेच जर्मनीत छळछावण्या उभ्या राहिल्या. भाऊजी हात धुऊन उठले. त्यानंतर वर्षभर माझ्याशी अबोला. यंदा ताईचा फोन आला, "तुमचं दोघाचं मिटव आधी, नाही तं मी ओवाळत नाही." म्हणून निघालो. माफी मागायला नव्हे, पटवून द्यायला. पिशवीत फराळाच्या डब्याखाली तेरा साम्यांचा तक्ता होता. डावीकडे तेव्हाची जर्मनी, उजवीकडे आजचा भारत आणि प्रत्येक ओळीपुढे पुस्तकाचा पान क्रमांक. माझी शाळा दहावीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण वाचनालयात. पान क्रमांकाशिवाय मी बोलत नाही.

अमरावतीहून अकोल्याला एसटीनंच जावं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा सरळ रस्ता, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, भाडं दोनशेच्या आत, वेळ अडीच तास धरा. सकाळची गाडी असेल तर डाव्या खिडकीशी बसू नका, ऊन येतं.

भाऊबीजेला गाडीत पाय ठेवायला जागा नसते. कंडक्टरनं एका बाईंना संत्र्यांचं पोतं दारातून हलवायला सांगितलं. "हिटलर लागून गेला का तू?" बाई म्हणाल्या. मागून कोणी म्हणालं, "मोगलाई आहे, बाई." दांडीला लटकलेला एक जण म्हणाला, "यापेक्षा निजामाचं राज्य बरं होतं." मी वळून त्याला समजावलं की वऱ्हाड नावाला निजामाचं होतं, कारभार इंग्रजांचा, तेव्हा नेमकं कोणाचं राज्य बरं होतं ते ठरवा.

"मी फक्त बसाले जागा पाहून राहिलो, काका," तो म्हणाला.

तेवढ्यात कंडक्टरनं ते पोतं स्वतः उचलून आपल्या सीटखाली सरकवलं. असा हुकूमशहा माझ्या वाचनात नाही.

मूर्तिजापूरला गाडी पंधरा मिनिटं थांबली. स्टँडवर आलुबोंडा घ्या, पण सोबत कढी मागा. तर्री, म्हणजे तिखटजाळ रस्सा, पहिल्या घोटालाच डोळ्यांत पाणी आणते. बोरगाव मंजूपर्यंत मी चार हिटलर मोजले: कंडक्टर, एक मुख्याध्यापक, कोणाची तरी सासू, आणि मोबाइलचा आवाज कमी करा म्हणालो म्हणून मी. या मंडळींच्या तुलना किती ढिसाळ, असं वाटून मी पिशवीतला तक्ता चाचपून पाहिला.

अकोल्याहून बार्शीटाकळीच्या वाटेवर ताईचं गाव. शेअर ऑटोनं अर्धा-पाऊण तास. गावाचं नाव देत नाही. का ते पुढे कळेल. ताई दारातच उभी. "ते वावरात आहेत. पहिले तिकडं जा, मंग घरात ये."

वावराकडे जाणारी पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, काटेरी कुंपण घालून बंद केलेली. नाल्यातून वळसा घेतला. नवे बूट चिखलात गेले. भाऊजी टमाटे तोडत होते. मी तक्ता पुढे केला. त्यांनी हात पुसले, तेराही ओळी ओठ हलवत वाचल्या.

"मेहनत लय केली," ते म्हणाले. वर्षातलं पहिलं वाक्य. "फरकाचा रकाना कुठी आहे?"

"मुद्दा साम्याचा आहे, भाऊजी."

"मागं माह्या मिरचीचं पान पिवळं पडलं. शेजाऱ्याचंही तसंच होतं, त्याच्या मिरचीले रोग होता. मी घाबरून अर्धी मिरची उपटून फेकली. माह्या मिरचीले फक्त पाणी जास्त झालं होतं."

"म्हणजे तुमच्या मते देशात सगळं हिरवंगार आहे?"

"पिवळं नाही असं कोण म्हणते? कायनं पिवळं झालं ते पाहा म्हणतो." ते थांबले. "तुमी आता कुठून आले?"

"नाल्यातून."

"कावून?"

पांदण का बंद केली, ते मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. पांदण बंद करायचा ठराव ग्रामसभेत झाला, पण ती ग्रामसभा कागदावरच भरली. हजेरीत भाऊजींचीही सही. तेव्हापासून टमाट्याचे क्रेट डोक्यावरून नाल्यातून न्यावे लागतात.

"सभेची तारीख मागच्या सालच्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी मी कुठी होतो, सांगा."

तारखांच्या बाबतीत मी चुकत नाही. "अमरावतीला. माझ्या घराच्या वास्तुशांतीत बुंदी वाढत होता."

"मागच्या भाऊबीजेले तेच बोलाले बसलो होतो. अर्ज लिहून द्या, साक्ष द्या म्हणून. तुमी जर्मनीतून परतलेच नाही."

मी सरपंचाचा पक्ष विचारला. त्यांनी ज्याचं नाव घेतलं, त्याच पक्षाला मी मत देतो. तक्त्यात त्याच्यासाठी जागा नव्हती. मी माफी मागितली. भाऊजींनी उत्तर म्हणून एक क्रेट माझ्या डोक्यावर ठेवला आणि आम्ही नाल्यानं घरी आलो.

ताईनं ओवाळलं. भाकर, भरली वांगी आणि वर सांबार, म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर. जेवणानंतर तहसीलदारांना अर्ज लिहायला बसलो. पहिलं वाक्य मी फासीवादावर लिहिलं.

"हे खोडा," भाऊजी म्हणाले. "साहेब हे वाचून हसन, अन् खालची तारीख पाहनच नाही. तारीख वर घ्या."

चौथ्या खेपेला अर्ज एका पानात बसला. बनावट सही, तारीख, त्या दिवशी अर्जदार कुठे होता, साक्षीदाराचं नाव.

घरी परतून मी फरकाचा रकाना आखला. तेव्हाच्या जर्मनीत असा तक्ता पिशवीत घालून एसटीत बसलो असतो का, या एका प्रश्नावर बरीच साम्यं गळाली. तेरापैकी चार उरली. ती चार आता मला आधीच्या तेरांपेक्षा जास्त घाबरवतात, कारण ती इथलीच आहेत आणि त्यांच्यासाठी जर्मनीला जावं लागत नाही.

काल फोन वाजला. ताईचा नंबर, आवाज भाऊजींचा.

"सोमवारी सुनावणी आहे. साक्षीले या. इचारतीन तेवढंच बोला."

मी हो म्हणालो, आणि पुढे काही जोडलं नाही.