डोहातला कॅमेरा आणि कापलेली दोरी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. हे एक मात्र माझ्यामागून घरी आलं आणि अजून गेलेलं नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. आरोपींची सांगायची फार इच्छा आहे, पण ते कायद्याने निर्दोष आहेत.

तेव्हा माझी नेमणूक जव्हार-मोखाडा भागात होती. भातझोडणी उरकली होती आणि पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर जाण्याच्या तयारीत होती. दुपारी ठाणे अंमलदाराने सांगितलं की वावर-वांगणीच्या अंगाला एका डोहात माणूस बुडाला. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी दोन शिपाई घेऊन निघालो. गाडी रस्ता संपेपर्यंत गेली, तिथून पुढे आम्ही चालत गेलो.

मयत तिशीतला, पाड्यावरचाच शेतकरी. पाण्याबाहेर त्याला त्याच्या मेहुण्याने काढलं होतं. खडकावर ठाणे शहरातून फिरायला आलेले दोन तरुण बसले होते. एक स्वतःचं चॅनेल चालवणारा, जंगल, कडे, धबधबे यांचे व्हिडिओ करणारा. दुसरा त्याचा मित्र, पट्टीचा पोहणारा. मयताला त्यांनी वाट दाखवायला सोबत घेतलं होतं.

चॅनेलवाला म्हणाला, "सर, आम्ही नको म्हणत होतो. तो मासे पकडायला स्वतःच उतरला. प्यायलेला होता."

मित्र म्हणाला, "हो सर. आम्ही नको म्हणत होतो. प्यायलेला होता."

दोन माणसांनी एकच प्रसंग पाहिला तर ते दोन तऱ्हांनी सांगतात. शब्दाला शब्द जुळला की मी कान टवकारतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी एक गोष्ट कधी फसली नाही.

मयताची बायको प्रेताशेजारी बसली होती. रडून झालं असावं. मी वाकलो तेव्हा ती एवढंच बोलली, "साहेब, माझा घरवाला दारू पेत नव्हता. पेऊन बुडला असं लिहू नका. माझी पोर मोठी झाल्यावर लोक तिला तेच सांगतील."

मी प्रेताचा पंचनामा सुरू केला. उजव्या मनगटाला अंबाडीची दोरी घट्ट बांधलेली होती आणि कातडीत रुतली होती. दोरीला मध्ये एक जाड गाठ होती, दोन तुकडे जोडल्याची. गाठीच्या पुढे बोटभर दोरी आणि मग टोक. अंबाडीची दोरी ओढून तुटली की टोकाला धागे पिंजल्यासारखे सुटतात. हे टोक सरळ होतं. दोरी कापलेली होती.

मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला, "गाठ दगडाच्या फटीत बसली होती, साहेब. मी खाली गेलो, उलटी दाबून काढली. तवा हात सुटला. मी कायच कापलं नाय."

"मग ही दोरी कशाला बांधली होती?"

उत्तर बायकोने दिलं. "रातचे खेकड्यांना जायचा तवा बेटरी अशीच बांधायचा मनगटाला. पाण्यात हातातनं जायला नको म्हणून."

त्या भागात ही नेहमीची रीत आहे. ओहोळात गुडघाभर पाण्यात दगडाखाली हात घालायचा असतो आणि बॅटरी वाहून गेली तर दुसरी कुठून आणायची? पण हा दिवसा उतरला होता आणि उन्हात बॅटरी कोणी बांधत नाही.

खडकावर एक पिवळा जाड दांडा पडलेला होता. मी विचारलं, हे काय? चॅनेलवाला म्हणाला, कॅमेऱ्याची तरंगती मूठ आहे. ती लावली की कॅमेरा पाण्यात बुडत नाही.

"आणि कॅमेरा?"

"तो आणलाच नाही सर. आज मोबाइलवरच शूट केलं."

कॅमेरा घरी ठेवून त्याची मूठ बरोबर घेऊन फिरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पंचांसमोर मूठ जप्त केली आणि दोघांचे जबाब घेऊन, उद्या सकाळी ठाण्यात हजर राहा, अशी समज देऊन सोडलं. अटक करावी एवढं हातात काहीच नव्हतं. वरिष्ठांचा फोन आलाच होता, "पर्यटक आहेत, अपघात आहे, फार ताणू नका." मी "हो सर" म्हणालो. "हो सर" म्हटल्याने तपास थांबतो असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोखाड्याच्या स्टँडजवळच्या चहावाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबरी. त्याने आजवर मला गावठी दारूच्या भट्ट्या आणि खैराच्या चोरीच्या गाड्या सांगितल्या होत्या. म्हणाला, "साहेब, कालची ती दोन पोरं आत बाकड्यावर बसली आहेत. काडेपेटीएवढ्या कॅमेऱ्यात काहीतरी बघतायत. एक जण बघता बघता उठला आणि मोरीत ओकून आला. दुसरा म्हणतो, थांब, पुढचं बघू."

आम्ही पोहोचलो तेव्हा चहा अर्धा तसाच होता. अंगझडतीत मित्राच्या खिशात घडीचा चाकू मिळाला. कॅमेरा चॅनेलवाल्याच्या पिशवीत, मोज्याच्या आत गुंडाळलेला होता. पंचनामा करून दोन्ही वस्तू मोहोरबंद केल्या.

चौकशीत मी दोघांना वेगवेगळं बसवलं. चॅनेलवाला वकिलाशिवाय बोलेना. हुशार होता. मित्राला मी काही विचारलंच नाही. समोर दोरीची पाकिटबंद गाठ ठेवली आणि माझं कागदाचं काम करत बसलो. अपराधाचं ओझं वाटणाऱ्या माणसाला शांतता सहन होत नाही आणि न वाटणाऱ्याला ती छान झोप देते. याला झोप आली नाही.

"सर, मूठ लावली की कॅमेरा वर येत होता," तो आपणहून बोलायला लागला. "त्याला खालचा शॉट पाहिजे होता. गावचा माणूस दगडाखालून हाताने मासा काढतो, तो. म्हणून मूठ काढली. मनगटाचा पट्टा सैल होता. आम्ही त्याला म्हणालो, महागडी वस्तू आहे, सांभाळ. तर त्याने स्वतःची दोरी काढून बांधली."

"आणि पुढे?"

"दोरी अडकली. मी खाली गेलो."

"चाकू घेऊन?"

त्याने पाकिटातल्या गाठीकडे बोट केलं. मग म्हणाला, "गाठीच्या एका बाजूला त्याचा हात होता, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. मी कॅमेऱ्याच्या बाजूने कापली."

मी लिहिणं थांबवलं. हाताच्या बाजूने कापली असती तर माणूस वर आला असता आणि कॅमेरा फटीत राहिला असता. एवढाच प्रश्न होता, आणि या माणसाने पाण्याखाली, डोळे उघडे ठेवून, त्याचं उत्तर दिलं होतं.

कॅमेरा या सगळ्या वेळात चालूच होता. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर ते चित्रण मी पाहिलं. सुरुवातीला मयत कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर धरून हसतो. नंतर हिरवं पाणी, दगड, एक मासा. मग चित्र हलायला लागतं आणि एका हाताची बोटं उघडमीट करताना दिसतात. चाकूचा हात येतो. कॅमेरा वर येतो आणि आवाज स्पष्ट होतो.

"मिळाला?"

"मिळाला."

"काच बघ, काच. चरा नाही ना गेला?"

"नाही. अरे, तो खालीच आहे."

मी चॅनेलवाल्याला नंतर एकच विचारलं, हे पुसून का नाही टाकलंस? पुसलं असतंस तर आम्ही हात चोळत बसलो असतो. वकील शेजारी असूनही त्याने उत्तर दिलं, कारण त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. "सुरुवातीचे अंडरवॉटर शॉट फार चांगले आले होते सर." माझ्यासमोर खुनी बसलेत, दरोडेखोर बसलेत. त्या उत्तराएवढा संताप मला कोणाचा आला नाही. मी उठून बाहेर गेलो, कारण आत थांबलो असतो तर माझी नोकरी गेली असती.

तपासणीच्या अहवालाप्रमाणे मयताच्या शरीरात दारूचा अंश नव्हता. हयगयीने मृत्यूला कारणीभूत होणं आणि पुरावा दडवणं, अशा कलमांखाली दोषारोपपत्र गेलं. मला वाटलं, प्रकरण पक्कं आहे. स्वतः आरोपींनीच चित्रित केलेला गुन्हा कोणाच्या नशिबी येतो?

खटला उभा राहिला तेव्हा बायकोची साक्ष होती. मयताची ओळख पटवण्यासाठी तिला चित्रणाचा पहिला भाग दाखवला. घरी त्याचा आधार कार्डावरचा फोटो सोडून दुसरा एकही नव्हता. भट्टीवरून आणि शेतावरून आलेला नवरा हसताना तिने पाहिला असेल, पण तो असा परत समोर येईल हे तिला ठाऊक नव्हतं. ती पुढे सरकली आणि पडद्याकडे बघत राहिली.

बचावाचे वकील आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "बाई, नीट बघा. तो हसतोय ना?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केल्यासारखा वाटतो का?"

"नाय. खुशीत हाय तो."

"म्हणजे आपल्या खुशीनेच पाण्यात उतरला."

"हो. त्याला वाटलं, माणसं चांगली हायत."

शेवटचं वाक्य नोंदीत आलं की नाही ते मला आठवत नाही. वकिलांना पाहिजे होतं ते आलं. दोरी कापली तेव्हा माणूस जिवंतच होता असं डॉक्टरांना ठामपणे सांगता आलं नाही, बोटं प्रवाहानेही हलू शकतात असा युक्तिवाद झाला, आणि मित्राचा माझ्यासमोरचा कबुलीजबाब कायद्याप्रमाणे पुरावा नव्हताच. दोघांना संशयाचा फायदा मिळाला, आणि मूळ गुन्हाच सिद्ध न झाल्याने पुरावा दडवल्याचं कलमही पडलं. पुढे अर्ज करून चॅनेलवाला जप्त कॅमेराही परत घेऊन गेला.

अशा प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक मला भाषणाला बोलावून विचारतात. त्यांना वाटतं मी पुरावा, तंत्रज्ञान, चौकशीची कौशल्यं यावर बोलेन. मी बोलतोही. पण निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात ती बाई मुलीला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली, ते कधी सांगत नाही.

"साहेब, मी चुकीचं बोलली का?"

"नाही बाई. तुम्ही खरं तेच बोललात."

"मंग ते सुटले कशे?"

मी जव्हारची एसटी किती वाजता आहे ते तिला सांगितलं. सबंध नोकरीत प्रत्येक साक्षीदाराला पिंजऱ्यात जाण्याआधी मी सांगत आलो होतो की घाबरू नका, जे खरं आहे तेवढंच सांगा. तिलाही तेच सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं. त्यानंतरही निवृत्त होईपर्यंत मी साक्षीदारांना हेच वाक्य सांगत राहिलो, फक्त त्यांच्या तोंडाकडे बघून सांगणं बंद केलं.