सरांच्या गाडीखाली विनी

विनी ऑग्डेनने बत्तीस वर्षं लोकांच्या गाड्या खालून पाहिल्या. वरून पाहण्यात तिला कधी रसच नव्हता. इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या ज्या गॅरेजात गाड्यांची दरवर्षीची सक्तीची तपासणी होते, तिथली ती पहिली बाई. सुरुवातीला गिऱ्हाइकं येऊन विचारायची, तपासणारा माणूस कुठे आहे? खालच्या खड्ड्यातून आवाज यायचा, "तुमच्या गाडीखाली आहे, आणि जे दिसतंय ते त्याला आवडलेलं नाही."

आमच्या भाडेकरू संघटनेत आम्ही घरांच्या भिंतींना येणाऱ्या ओलीवर ठराव मांडत बसायचो. विनी उठायची, घरमालकाच्या देखत भिंतीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसायची आणि तो मुठीपर्यंत आत गेला की खाली बसायची. भाषण नाही, काही नाही. माझी पन्नास पत्रकं एकीकडे आणि तो स्क्रू-ड्रायव्हर एकीकडे, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

आता ती एकाहत्तरची आहे. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की सोबत जाते. पैसे घेत नाही, पण एक अट घालते : विकणाऱ्याच्या घरी चहा प्यायचा नाही.

अट विचित्र वाटेल, पण इथल्या माणसांना ती लगेच कळते. यॉर्कशरचा माणूस थंडी सोसेल, दारात भांडेल, पण ज्याचा चहा घेतला त्याला तोंडावर 'तुमची वस्तू वाईट आहे' म्हणणं त्याला जमत नाही. वर केकचा तुकडा पोटात गेला असेल तर तो सडका पत्रासुद्धा कौतुक करत घरी आणतो.

कॉलिन सगडेन तसाच निघाला. वय चौपन्न, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. तीस वर्षं, पाठीमागे साठ पोरांचा गोंगाट आणि पुढे ताशी वीस मैल. त्याला आयुष्यात एकच गाडी हवी होती : दोन सीटांची, बुटकी, लाल, छप्पर उघडणारी. बायकोला, जॅनिसला, शेजारी बसवून माळरानावरच्या घाटातून जायचं, बस. त्या रस्त्याला उतार आहेत, वळणं आहेत आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या मेंढ्या आहेत. जॅनिसने परवानगी दिली होती, पण एकदाच. गाडी भंगार निघाली तर पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही.

जाहिरात सापडली. दोन हजार दोनशे पौंड. तशीच गाडी इतरत्र चार हजारांच्या खाली मिळत नव्हती. विकणारे मिस्टर विंटरबर्न, निवृत्त मुख्याध्यापक आणि तेही कॉलिनच्याच शाळेचे. कॉलिन म्हणाला, सर खोटं बोलणार नाहीत.

"सर खरंच बोलतील रे राजा," विनी म्हणाली. "न विचारलेलं बोलतील का, एवढंच बघायचंय."

सरांकडे उशीर व्हायला नको म्हणून कॉलिन अर्धा तास आधीच पोचला. विनी गेली तेव्हा तो काचेच्या खोलीत गुडघे जुळवून बसला होता. हातात दुसरा कप, बशीत लिंबाच्या केकचा चुरा. तिने बशीकडे पाहिलं, कॉलिनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

गाडी मात्र देखणी होती. नवं पॉलिश, चेरीसारखी लाल. विनीने आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. सर म्हणाले, आत्ताच पेपर आणायला गेलो होतो. पेपरचं दुकान समोरच होतं. गार इंजिन सुरू होताना खोकतं, आणि खोकला लपवायचा तर ते आधीच तापवून ठेवतात, हे तिने हजारदा पाहिलेलं. मग पायाखालचा गालिचा. कोरा होता. तिने त्याच्याखाली हात घातला आणि ओली बोटं बाहेर काढून रुमालाला पुसली.

मग पिशवीतून मोजा निघाला. मोज्यात लोहचुंबक, म्हणजे रंगाला ओरखडा नको. दाराला लावलं तर घट्ट बसलं. दाराखालच्या पट्टीला लावलं तर गवतात पडलं. हात वीतभर सरकवला, पुन्हा पडलं. म्हणजे तिथे पत्रा कमी आणि रंगारी भोकं बुजवायला भरतात ती लांबी जास्त.

"पडलं वाटतं," सर म्हणाले.

"दमलंय बिचारं," विनी म्हणाली. "आज सकाळपासून कामाला आहे."

मग ती चटई टाकून गाडीखाली गेली. सगळीकडे डांबरासारखा काळा लेप, इतका ताजा की वास येत होता. बाहेर येऊन तिने फोनवर गाडीच्या जुन्या तपासण्या काढल्या. नंबर टाकला की त्या कुणालाही दिसतात. तीन वर्षं तोच शेरा, गंज वाढतोय. दर वर्षी गॅरेज वेगळं, शेवटचं तर सत्तर मैलांवर समुद्रकाठी. सर म्हणाले, तिकडे बहीण राहते. बहीण असेलही.

इकडे कॉलिन स्टिअरिंगवर हात फिरवत होता. विनीने दोनदा खाकरून पाहिलं. तिसऱ्यांदा खाकरेपर्यंत तो उतरून सरांसमोर उभा होता, पाठ ताठ, हात पुढे केलेला. आमच्याकडे हात मिळवला की व्यवहार झाला. मग माघार घेणारा गावात तोंड दाखवू शकत नाही.

"एक मिनिट, सर," विनी म्हणाली. आवाज मधासारखा. "वाटेत टायर बसला तर जॅक कुठे लावायचा, ते कॉलिनला एकदा दाखवता? तुमच्या हातातली गाडी आहे."

जॅक तिने स्वतःच आणून दिला. सरांनी तो घेतला, जॅक जिथे लावतात त्या दाराखालच्या पट्टीकडे पाहिलं आणि तसाच धरून उभे राहिले.

"तिथे नको लावू या," ते म्हणाले.

विनी काही बोलली नाही. हसू मात्र तसंच ठेवलं. गप्प बसून समोरच्याला छळायची ह्या बाईची हातोटी आमच्या कौन्सिलच्या साहेबांनाही माहीत आहे.

शेवटी सर म्हणाले, "मागच्या वर्षी लावला होता. जॅक वर गेला. गाडी होती तिथेच राहिली."

मग सगळं बाहेर आलं. त्यांनी ती चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखाकडून घेतली होती. त्यांनाही तेव्हाच संशय आला होता, पण त्या घरी फळांचा केक होता.

विनी खदखदून हसली. मला मात्र अजून हसू येत नाही. जॅक ज्या पत्र्यात बुडाला, त्याच्या आतल्या बाजूला जॅनिस बसणार होती. कुणी आडवं येऊन धडकलं असतं तर ते दार बिस्किटाच्या पुड्यासारखं चेपलं असतं. इतकी वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणारा माणूस हे जाणून होता आणि काळा लेप लावून केक कापत होता.

विनीने त्यांना सरळ सांगितलं, ह्यात माणूस बसवू नका. मोडून सुटे भाग विका, सीटा चांगल्या आहेत. सर म्हणाले, आभारी आहे, आणि ते मनापासून म्हणाले असं विनीचं मत. कॉलिनचा हात अजून हवेत होता. त्याने तो खिशात घातला. "चहा छान होता, सर," तो म्हणाला. इथे नकार असाच देतात.

घरी जाताना तो रडायचा बाकी होता. तीन आठवडे विनी त्याला गावोगाव हिंडवत होती. शेवटी टॉडमॉर्डनला एका खाटीक बाईकडे एक गाडी सापडली, वाळलेल्या मोहरीच्या रंगाची, दाराला पोचा. बाई दुकानाच्या दारातूनच म्हणाली, छप्पर अर्ध्यावर अडकतं, रेडिओ मेलाय, बाकी ठीक, घ्यायची तर घ्या. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. लोहचुंबक असं चिकटलं की विनीला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. जॅक लावला, गाडी उचलली. इंजिन गार होतं, तरी पहिल्या झटक्यात सुरू झालं. कॉलिन म्हणाला, पण रंग. विनी म्हणाली, तू आत बसणार आहेस ना, मग तुला कुठे दिसणार.

पहिल्या रविवारी दोघं माळावर गेली. अर्ध्या घाटात पाऊस आला, छप्पर अर्ध्यावर अडकलं आणि उतारावरच्या वळणाला नेमकी मेंढी मधोमध. कॉलिनने ब्रेक दाबला. गाडी रेषेत थांबली, मेंढीपासून दोन हात अलीकडे. मेंढी चघळत राहिली. जॅनिसच्या केसांतून पाणी गळत होतं, मांडीवरचे सँडविच भिजले होते. कॉलिनने भीत भीत विचारलं, मागे फिरायचं का?

जॅनिसने रुमाल डोक्याला आवळून बांधला.

"मेंढी बाजूला झाली," ती म्हणाली. "चल."