मावशीचं एक मिनिट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी आजही सरांचंच नाव घेईन. ते नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

मी संगमेश्वरच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतला. बाबा मुंबईला कामाला, आई शेतावर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. रत्नागिरीत बी.एस्सी. झालो आणि पुढे काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. मारुती मंदिराजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सरांची संस्था होती. मोठ्या शहरात बरीच वर्षं नोकरी करून ते गावी परतले होते. अ‍ॅप आणि वेबसाइट लोकांना वापरायला सोप्या कशा करायच्या, हे काम ते कंपन्यांसाठी करत आणि तेच आम्हाला शिकवत. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "सर, माझं इंग्रजी कच्चं आहे." ते म्हणाले, "वापरणारी माणसं तरी कुठे इंग्रजीत गोंधळतात? मराठीत बघ, मराठीत लिही."

पहिल्या आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटर लावूच दिला नाही. मला एस.टी. स्टँडवर पाठवलं आणि फक्त बघत बसायला सांगितलं. संध्याकाळी मी परत येऊन सांगितलं की वेळापत्रकाच्या फलकाजवळ कोणी थांबत नाही, सगळे शेंगदाणेवाल्याला विचारतात, कारण सकाळी फलकावर ऊन चमकतं आणि शेंगदाणेवाला हसून उत्तर देतो. सरांनी ते सगळ्या वर्गापुढे मला पुन्हा सांगायला लावलं. तोवर कोणत्याही वर्गात मी दोनदा बोललो नव्हतो. पावसाळ्यात त्या खोलीच्या दमट भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या टिकत नसत, तर सर स्वतः घरून खळ करून आणायचे आणि आमच्या चिठ्ठ्या चिकटवायचे. शिकून झाल्यावर त्यांनी मला तिथेच कामाला ठेवलं.

एका कंपनीचं काम आलं. किनाऱ्यावर ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांच्यासाठी अ‍ॅप करायचं होतं. खोली रिकामी आहे की भरली, जेवणात काय, हे घरमालकिणीने स्वतः फोनवर भरायचं. नमुना तयार झाल्यावर तो पाच घरी वापरून बघायचा होता. सर म्हणाले, "तुझी मावशी गणपतीपुळ्याकडे असते ना? तिच्यापासून सुरुवात कर."

मावशी गणपतीपुळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच राहते. दोन खोल्या पाहुण्यांना देते, जेवण स्वतः करते. शाळा चौथीपर्यंत, पण फोनवर हात असा चालतो की पाहुण्यांना रस्ता सांगायला नकाशा पाठवते. मी गेलो तेव्हा पाहुणे नव्हते, म्हणून घरच्यापुरते बांगडे साफ करत बसली होती.

सरांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी परवानगीचा कागद काढला. चित्रण फक्त आमच्या टीमच्या अभ्यासासाठी आहे, बाहेर कोणालाही दाखवलं जाणार नाही, असं त्यात होतं.

"तूच वाच," मावशी म्हणाली.

मी वाचलं.

"म्हणजे मी चुकले तर गावभर होणार नाय ना?"

"नाही गो. आणि चुकलीस तर चूक आमच्या कामाची, तुझी नाही."

"मग कागद कशाला नाचवतोस? आण, सही करते."

मी चित्रण सुरू केलं आणि अ‍ॅप उघडून दिलं. पहिल्याच पानावर पूर्ण पडदाभर गणपतीचं चित्र होतं आणि त्याच्या पायांवर 'सुरू करा' असं बटण. मावशीने फोन दोन्ही हातांत धरला. माझ्याकडे बघितलं. अशा वेळी आपण मदत करायची नसते, म्हणून मी गप्प राहिलो. ती उठली, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पदराला पुसले, परत येऊन बसली. फोन कपाळाला लावून नमस्कार केला. तरीही बोट पुढे जाईना. असं मिनिटभर चाललं. शेवटी मी विचारलं, "काय झालं?"

"अरे, देवाच्या पायांवर बोट दाबू कशी? त्यात आज मासळीचा हात माझा. कितीही धुतला तरी वास राहतोच. हे बटण जरा खाली नसतं का घेतलं तुमच्या लोकांनी?"

पुढचं सगळं तिने भराभर केलं. उरलेल्या चार घरांपैकी दोन ठिकाणी तसंच झालं. एका काकूंनी सुनेला हाक मारली आणि तिच्याकडून बटण दाबून घेतलं. मी सगळं लिहून काढलं, मावशीचे शब्द जसेच्या तसे. बटण चित्राच्या खाली आलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे शहरात बसून कोणाला सापडलं नसतं." मी त्या आनंदात मावशीला फोन केला. ती म्हणाली, "बघ, बांगड्यांनी तुझं काम केलं."

काही महिन्यांनी सरांनी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू करायचं ठरवलं, पुण्यामुंबईच्या मुलांसाठी. जाहिरातीचं काम दुसरं कोणी बघत होतं. वापराच्या चाचण्या कशा घ्यायच्या, हा भाग मी शिकवायचा होता. मी रोज आरशासमोर बोलायचा सराव करत होतो. आणि एका दुपारी मावशीचा फोन आला.

"बाबू, माझा व्हिडिओ तूच काढलास ना?"

"कुठला व्हिडिओ?"

"हात धुतेय तो. काल पाहुण्यांमधली एक मुलगी मला म्हणाली, तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना. माझ्याबरोबर फोटो मागत होती."

मी शोधला. संस्थेच्याच पानावर, नव्या प्रशिक्षणाची जाहिरात म्हणून लावलेला होता. मावशी फोन धरते, उठते, हात धुते, नमस्कार करते, भांबावून बघते. मागे गमतीचं संगीत. वर अक्षरं, 'हा आहे तुमचा यूजर. आता तरी डिझाइन शिका.' तिने तोंड उघडायच्या आत चित्रण कापलेलं होतं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी तसाच उठून सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, जाहिरातीतली ती माझी मावशी आहे."

"माहीत आहे की मला. काय गोड दिसतात रे त्या. खाली वाच, लोक किती प्रेमाने लिहितायत."

"आपण कागदावर लिहून दिलं होतं, सर, बाहेर दाखवणार नाही म्हणून."

"म्हणून तर परक्या कोणाचं घेतलं नाही. ही आपल्या घरातली बाई. परकी असती तर तक्रार आली असती."

ते हे अगदी सहज म्हणाले, मला समजावून सांगावं तसं. मी म्हणालो, "निदान ती पुढे काय म्हणाली तेवढं तरी ठेवायचं होतं."

"मग गंमत राहिली नसती. हे बघ, सोमवारी पहिली बॅच आहे, त्याची तयारी कर. स्टँडवर बसवून मी तुला बघायला शिकवलं, आता तू मला शिकवणार का?"

त्यात रागही नव्हता. म्हणूनच मला कळलं की ते क्लिप काढणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेलो. तिला तो व्हिडिओ पूर्ण बघायचा होता. तिने दोनदा बघितला.

"मेल्या, आधी सांगितलं असतंस तर बरी साडी तरी नेसले असते."

मी हसलो नाही. मग तीही हसायची थांबली.

"मी बोलले होते ना रे काहीतरी? ते कुठे गेलं?"

"कापलं."

"मग बघणाऱ्याला काय कळणार? त्याला वाटणार, बाईला फोन येत नाय." तिने फोन माझ्याकडे परत दिला. "आता पाहुण्यांसमोर मी फोन हातात घेत नाय. शेजारच्या पोरीला सांगते नकाशा पाठव म्हणून."

निघताना तिने मला बजावलं, माझ्यापायी नोकरी सोडू नको. रत्नागिरीपर्यंतच्या बसमध्ये मी तेच घोळवत होतो. सोमवारी त्या मुलांसमोर उभा राहिलो असतो, तर परवानगी कशी घ्यायची हेच आधी शिकवावं लागलं असतं. शनिवारी मी सरांना पत्र लिहिलं. मेल केला नाही. हाताने लिहिलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. ते असं:

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

सोमवारच्या बॅचला मी शिकवणार नाही, आणि त्यानंतरही कामाला येणार नाही. हे समोर उभं राहून सांगायला हवं होतं, पण तुमच्यासमोर मला अजून वर मान करून बोलता येत नाही.

आज मला जे काही येतं ते तुमच्यामुळे येतं. ते मी कुठेही लपवणार नाही. माझीही चूक आहे. मावशीचं चित्रण ऑफिसात सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये तसंच पडू दिलं. ते काम झाल्यावर पुसायला हवं होतं. तिला शब्द मी दिला होता, तुम्ही नाही.

पण तुम्ही म्हणालात की ती घरातली आहे म्हणून चाललं. सर, तिने सही केली ती मी घरातला आहे म्हणून. तुम्ही नेमकं तेच वापरलंत. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी भांडलो असतो. तुम्ही केलंत, तर काय करावं हेच मला सुचत नाही.

ती क्लिप काढून टाका, एवढंच मागणं आहे. पूर्ण चित्रण दाखवतो, असं कृपा करून म्हणू नका. आता तेही नको.

तुम्ही मावशीला भेटावं असं मला वाटतं. दुपारी दोननंतर ती मोकळी असते. तुम्ही गेलात तर ती एक शब्द बोलणार नाही, आधी तुम्हाला जेवायला वाढेल. तिचा स्वभावच तसा आहे. म्हणून सांगून ठेवतो, माफी मागायची नसेल तर जाऊ नका.

आपला विद्यार्थी