लेफ्टी ग्रॅनरचं पहिलं कार्ड

स्टॅन व्हुकोविचने पिट्सबर्गच्या खाटीकखान्यात उभा जन्म काढला. बेसबॉलचा देव लेफ्टी ग्रॅनर याचा फोटो छापलेली जुनी कार्डं तो जमवायचा, पण दुमडलेली, टाचणीची भोकं पडलेली. तेवढीच परवडायची. ग्रॅनरच्या खेळातल्या पहिल्या वर्षाचं कार्ड मात्र राहून गेलं होतं.

रविवारच्या जुन्या बाजारात मर्ल नावाच्या विक्रेत्याच्या टेबलावर ते दिसलं, कोरं करकरीत. किंमत तीनशे डॉलर, आणि स्टॅनच्या खिशात चाळीस. तो ते नुसतं हातात घेऊन बघत होता, तेवढ्यात तेच घ्यायला डॉयल नावाचा दलाल आला.

"ठेव खाली, म्हाताऱ्या. तुझ्या ऐपतीचं नाही ते."

"बघू तरी दे, भाडखाऊ!"

डॉयलने ठोसा हाणला. स्टॅनचं नाक मोडलं आणि रक्ताची धार थेट कार्डावर पडली. स्टॅनने त्याची कॉलर धरून तोंडावर स्वतःचं डोकं आपटलं. डॉयलचे दोन दात टेबलावर सांडले, पाठोपाठ तोही कोसळला.

"आता हे कोण घेणार रे?" मर्ल बोंबलला.

"मी. चाळीस देतो."

मर्लने शिवी हासडली आणि पैसे ओढून घेतले.

स्टॅनने कार्ड पुसलं नाही. पुसलं तर छपाई निघाली असती. स्वतःच्या हनुवटीवरून रक्त गळत असताना, हात लांब धरून तो ते उन्हात वाळवत उभा राहिला.