पोशीरच्या आजीचा हात

तुमची पोशीरची आजी पुढे चालायची त्याहून भरभर मागे सरकायची. भाताची लावणी करताना कमरेत वाकून मागे मागेच जायचं असतं. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हाताने त्यातल्या काड्या सोडवून चिखलात खोवायच्या आणि पाऊल मागे घ्यायचं. ती वळून पाहत नसे, तरी तिची ओळ कधी वाकडी होत नसे. तुमच्या आईबाबांच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा पोशीरला गेले, तेव्हा बांधावर छत्री धरून हे पाहत उभी होते. खालून आवाज आला, “विहीणबाई, नुसत्या बघताय काय? या की खाली. साडीला चिखलच लागंल, शाई नाय. धुतला का जाईल.”

तिथून आमचं जमलं. ती माझ्या टापटिपीची चेष्टा करायची आणि मी तिच्या हट्टीपणाची. तिला कुणी हाताला धरलेलं चालत नसे, की ताटात वाढून दिलेलं चालत नसे. “माझा हात हाय ना मला,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

त्याच हाताला पुढे कंप सुटला. पार्किन्सनचा आजार निघाला. मग पायही अडू लागले. एकदा कर्जतला आमच्या स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली ती राहिलीच. मी हात धरून ओढू लागले.

“ओढू नका ओ, पडंन मी! पायाला सांगत्ये, पर त्याला ऐकूच जात नाय. कायतरी आडवं टाका पुढं.”

हाताशी लाटणं होतं, ते मी तिच्या पायांपुढे ठेवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पाऊल उचललं आणि बांध ओलांडावा तशी सहज पलीकडे आली. सपाट जमिनीवर अडणारा पाय पायरी दिसली की उचलला जातो, हे तिला घरी कळलं होतं.  पलीकडे येऊन ती म्हणाली, “विहिणीच्या पायात लाटणं टाकनारी तुमीच पयली!”

मुंबईच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी अगदी बारीक विजेने बोलत असतात. साधा पेला उचलायचा तरी वरच्या भागातून खोल आतल्या गाठींपर्यंत निरोप जातो आणि फिरून वर येतो. हालचाल सुरू होण्याआधी या भागांची एका ठेक्यातली गुणगुण थोडी थांबावी लागते. या आजारात ती थांबत नाही. सगळे त्याच ठेक्यात अडकून पडतात आणि हुकूम सुटत नाही. समोर आडवं काही दिसलं, तर डोळ्यांकडून दुसऱ्या वाटेने निरोप पोचतो.

आजी लक्ष देऊन ऐकत होती. “म्हंजे सगलीच टाळ कुटत बसली, तर नांगर कोन धरनार?”

“अगदी असंच, आजी,” डॉक्टर म्हणाले.

उपाय होता, पण भीतीचा. मेंदूच्या त्या गाठींपर्यंत बारीक तारा सोडायच्या, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवायची आणि तिच्यातून सतत वीज द्यायची, म्हणजे तो अडकलेला ठेका मोडतो. तुमची आई रडायलाच लागली. “आई, डोक्याला भोक पाडायचं? काही झालं तर? मी भरवीन ना तुला.”

“भरवशील गं. पर तुला सवड होईल तवा. मला भूक लागंल तवा नाय.”

ऑपरेशनची तारीख ठरली.

तारा घालताना तिला जागंच ठेवलं होतं. मेंदूच्या पेशींची वीज डॉक्टर तिथे यंत्रातून आवाजाच्या रूपात ऐकतात. तो आवाज तिनेही ऐकला. “कढईत लाह्या फुटाव्या तसा ओ. मी इचारलं, काय भाजताय? तर बोलले, आजी, हे तुमचंच डोकं.”

काही आठवड्यांनी डबी सुरू करायची होती, तेव्हा मी शेजारी होते. डॉक्टरांनी हातातल्या यंत्रावर वीज हळूहळू वाढवली. आणि मुलांनो, तो हात थांबला. वारा पडल्यावर पान थांबतं, तसा. आजीने हात उलटासुलटा करून पाहिला. मग डाव्या हातात जणू मूठ धरली आणि उजव्या हाताने हवेतच रोपं खोवू लागली, एकामागून एक, पूर्वीच्याच वेगाने. पडताळून पाहायला डॉक्टरांनी वीज बंद केली. थोड्या वेळात बोटं पुन्हा थरथरू लागली.

“लाव रं बाबा, लाव! मूठ संपली नाय माझी.”

 

आजार पुढे सरकतच होता, तरी त्यानंतर काही वर्षं ती आपल्या हाताने जेवली. परवा ती गेली, तेव्हा तुम्ही फोनवर तिचं शेवटचं दर्शन घेतलंत. त्याआधीचं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. चितेच्या आगीत त्या डबीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून ती आधी काढावी लागते. डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “चालू आहे अजून.”

तुमच्या आईने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. “वीज चालू आहे,” ती म्हणाली, “मग हा हलत का नाही?”

डॉक्टरांनी डबी बंद केली. बोटं आता तरी थरथरतील म्हणून आम्ही दोघी त्या हाताकडे पाहत राहिलो.