लग्नाचा चौक आणि आयात शुल्क

परदेशी गिऱ्हाईक चित्र घेताना गोड बोलतं, आणि आयात शुल्काचं बिल दारात आलं की त्याचा सूर बदलतो. डहाणूत घरी बसून मी वारली चित्रं ऑनलाइन विकायचे, तेव्हा हे पुष्कळ पाहिलं. प्रत्येक चित्राखाली मी ठळक लिहून ठेवलेलं असायचं की तुमच्या देशातलं शुल्क तुम्हीच भरायचं. पण वाचतंय कोण! तुम्ही आधी सांगितलं नाही, अशी तक्रार यायचीच. एकाने तर, पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहा आणि किंमत निम्मी दाखवा, म्हणून गळ घातली होती. मी ऐकलं नाही, तर माझ्या दुकानाबद्दल वाट्टेल ते लिहून मोकळा झाला. मग मी भांडायचे. माझं खरं असलं की मला गप्प बसवत नाही, हा माझा जुनाच आजार.

चित्रं काढणारी मावशी तलासरीजवळच्या एका पाड्यावर राहायची. नात्याची नव्हे, पण मी मावशी म्हणायचे. तारपा वाजवणारा, नाच, झाडं, भाताची झोडणी, काहीही ती कापडावर काढून द्यायची. लग्नाचा चौक मात्र विकायला काढत नसे. हा चौक लग्नाआधी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात. मधोमध देवी असते. ‘काढला’ म्हटलेलं मावशीला खपायचं नाही. चौक लिहायचा असतो. त्याच्याशिवाय लग्न लागत नाही, आणि पाड्यावर कुणाचंही लग्न असो, चौक लिहायला पहिलं बोलावणं तिला.

एका परदेशी मुलीचा निरोप आला की तिला चौकच हवा. स्वतःच्या लग्नात लावायचा होता. मी मावशीकडे गेले.

“खरंच लगीन हाय, का नुसता भितीला टांगाया पायजे?”

“खरंच आहे मावशी. तारीखसुद्धा लिहिलीय.”

“नवऱ्याचं नाव काय?”

मी वाचून दाखवलं. तिच्या तोंडात ते बसेना, तरी तिने दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “लिहीन.”

तिने उपास धरला. शेजारच्या सवाष्णींना बोलावून लग्नाची गाणी म्हटली. मी आणायला गेले तेव्हा चौक गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातलेला होता आणि नळीचं तोंड तिने कापड लावून शिवून टाकलं होतं. ते उसवून आत बघणं मला बरं वाटलं नाही. फॉर्मवर मी लिहिलं ‘कापडावरील चित्र’, आणि आत दुसरं काही नाही म्हणून खाली सही ठोकली.

पार्सल तिकडच्या कस्टममध्ये अडकलं. त्यांनी फोटो पाठवला. चौकाच्या गुंडाळीत पानाची एक पुडी होती आणि पुडीत हळद लावलेले तांदूळ. नवरीकडे चौक जातो आणि सोबत तांदूळ जात नाहीत, असं मावशीला सुचणंच शक्य नव्हतं. त्या देशात मात्र बाहेरचं धान्य न सांगता आत नेता येत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तपासणीचा खर्च आणि आयात शुल्क कुणीतरी भरा आणि चित्र सोडवा, नाहीतर मुदतीनंतर सगळं नष्ट करू.

मुलीने लिहिलं की मी चित्र घेतलं होतं, तांदूळ नाही, तेव्हा खर्च तुमचा. आणि मी ज्या वेबसाइटवरून विकायचे, तिथे माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली. मी उत्तर दिलं की शुल्क चित्र घेणाऱ्याने भरायचं, तसं चित्राखालीच लिहिलंय. तिने लिहिलं, तांदूळ तुम्ही लपवलेत. त्यावर मी लिहिलं की तांदूळ चित्रकार बाईंनी मला न विचारता घातले, माझा दोष नाही. वाक्य इंग्रजीत होतं, म्हणून असेल कदाचित, त्या दिवशी ते मला टोचलं नाही.

खर्च मला परवडत होता. आज हे सरळ कबूल करते. पण एकदा भरला म्हणजे चूक माझी ठरते, आधी वेबसाइटचा निकाल लागू दे, असं मी धरून बसले. निकाल माझ्या विरुद्ध लागला. मुलीला पैसे परत मिळाले. मी तणतणत फेरविचाराचा अर्ज लिहायला घेतला, आणि तेवढ्यात कस्टमकडून एक ओळ आली की मुदतीत उत्तर न आल्यामुळे सामान नष्ट करण्यात आलं आहे. मुदतीची तारीख मी वाचलेली होती. भांडणाच्या भरात ती माझ्या लक्षातून पार गेली.

मी तलासरीला गेले. मावशी अंगणात सुकट निवडत होती. मी तिचे पैसे पुढे केले आणि सांगायला सुरुवात केली, तीही तांदळापासून. तिथेही मी स्वतःलाच वाचवत होते.

“मंग चौक कुठं हाय?”

“जाळला असेल, मावशी.”

तिने पैशांकडे पाहिलंही नाही. विचारलं, “मंग त्या पोरीचं लगीन कशावर लागलं?”

“त्यांच्यात चौक लागत नाही गं.”

“लागत नाय, तर मागितला कशाला?”

घरी आल्यावर मी दुकान बंद केलं.

उन्हाळ्यात तिच्या नातीचं लग्न निघालं. मला बोलावणं होतं. आत भिंतीवर चौक लिहिणं चाललं होतं, गाणी ऐकू येत होती, आणि मावशी बाहेर मांडवात कांदे चिरत बसली होती. मी विचारलं, “तू आत नाहीस?”

“माझ्या हातचा चौक जळला. नातीच्या लगनाला तसला हात नको.”

तिला कुणी अडवलं नव्हतं. तिची सून तर माझ्यासमोर दोनदा बोलवायला आली. मला राहवेना. खर्च भरून चौक सोडवता आला असता, मी हट्टाला पेटून भरला नाही, हे सगळं मी तिथे पहिल्यांदा सांगितलं.

“तू भरला असतास तर चौक वाचला असता?”

“हो.”

तिने विळी बाजूला सारली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. आतली गाणी चालूच होती.

“जेवून जा,” ती म्हणाली, आणि पुन्हा कांदे चिरायला लागली.